सुधीर फडके

सुधीर फडके (मूळ नाव : रामचंद्र विनायक फडके, जन्म : कोल्हापूर, २५ जुलै १९१९, मृत्यू : मुंबई, २९ जुलै २००२) हे मराठी गायक, संगीतकार व चित्रपटनिर्माते होते. मराठी भावगीत व चित्रपटसंगीत यांच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. ते बाबूजी या नावाने ओळखले जात. ग. दि. माडगूळकर यांच्या शब्दांना त्यांनी दिलेल्या संगीतातून साकारलेले गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झाले आणि महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग बनले. संगीतकार म्हणून ऐन भरात असताना १९५४ मध्ये फडके यांनी दादरा व नगर हवेली या पोर्तुगीज अंमलाखालील प्रदेशाच्या सशस्त्र मुक्तिसंग्रामात भाग घेतला होता.

भारतीय चित्रपटसृष्टीतील काही कलावंत नियमित सैन्यसेवेतून आलेले होते. संगीतकार मदन मोहन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करात अधिकारी म्हणून काम केले होते. गीतकार आनंद बक्षी यांनी आधी नौदलात व नंतर भूदलात नोकरी केली होती. फडके कधीही सैन्यात नव्हते. त्यांना कोणताही हुद्दा, गणवेश किंवा वेतन नव्हते. कलावंत म्हणून नाव मिळाल्यानंतर, संसार व व्यवसाय मागे ठेवून ते स्वयंसेवक म्हणून सशस्त्र मोहिमेत उतरले. त्यामुळे कलावंतांच्या सैनिकी पार्श्वभूमीच्या इतिहासात त्यांचे उदाहरण वेगळे ठरते.

बालपण व शिक्षण

फडके यांचा जन्म कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील विनायकराव हे वकील होते. आई सरस्वतीबाई यांचे १९२८ मध्ये निधन झाले, तेव्हा रामचंद्र नऊ वर्षांचे होते. त्यानंतर कुटुंबाची आर्थिक स्थिती झपाट्याने खालावली. कोल्हापुरात त्यांनी वामनराव पाध्ये यांच्याकडे शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले. बालगंधर्व व हिराबाई बडोदेकर यांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. या दोघांना ते आदर्श मानत. शब्दाचा स्पष्ट व अर्थवाही उच्चार, सुरांचा नेमकेपणा आणि अनावश्यक तानांना दिलेला फाटा ही त्यांच्या पुढील गायनाची वैशिष्ट्ये याच संस्कारांतून घडली.

तरुणपणी त्यांना अत्यंत हलाखीचे दिवस काढावे लागले. उपजीविकेसाठी त्यांनी पडेल ते काम केले. काही काळ ते गाण्याचे कार्यक्रम करीत उत्तर भारतात फिरले व कलकत्त्यापर्यंत पोहोचले. याच काळात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी त्यांचा संबंध आला व तो आयुष्यभर टिकला. रामचंद्र हे नाव मागे पडून सुधीर हे नाव संगीतक्षेत्रात रूढ झाले.

संगीतक्षेत्रातील प्रारंभ

१९४१ मध्ये फडके एच. एम. व्ही. या ध्वनिमुद्रिका कंपनीत संगीतकार म्हणून रुजू झाले. माडगूळकर यांच्याशी त्यांची मैत्री कोल्हापुरातील दिवसांपासूनची होती. ध्वनिमुद्रिकांच्या निमित्ताने या दोघांची कवी-संगीतकार जोडी जमली. १९४५ मध्ये ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले आणि १९४६ मध्ये प्रदर्शित झालेल्या गोकुळ या चित्रपटाचे संगीत त्यांनी दिले.

१९५० च्या सुमारास दिग्दर्शक राजा परांजपे, लेखक-गीतकार माडगूळकर आणि संगीतकार फडके या तिघांनी मराठी चित्रपटाला नवे वळण दिले. पुढचं पाऊल (१९५०), वंशाचा दिवा (१९५०), लाखाची गोष्ट (१९५२) व ऊनपाऊस (१९५४) या चित्रपटांमुळे फडके हे नाव घरोघरी पोहोचले. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यापूर्वीच्या काळात ध्वनिमुद्रिका, चित्रपट व रेडिओ हीच लोकरंजनाची प्रमुख माध्यमे होती आणि तिन्हींमध्ये फडके यांचे स्थान पक्के झाले होते.

१९४९ मध्ये गायिका ललिता देऊलकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या विवाहात मोहम्मद रफी यांनी मंगलाष्टके गायिली होती. त्यांचे पुत्र श्रीधर फडके हेही पुढे संगीतकार व गायक म्हणून प्रसिद्ध झाले.

दादरा व नगर हवेली मुक्तिसंग्राम

पार्श्वभूमी

पोर्तुगिजांची सत्ता एकेकाळी कोकण किनाऱ्यावर अनेक ठिकाणी होती. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी व जंजिरा यांच्या उत्तरेस असलेली रेवदंडा व कोर्लई ही ठाणी १७४० पर्यंत त्यांच्याकडे होती. त्याआधी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली होती. नगर हवेलीचा इतिहास मात्र उलट दिशेचा आहे. मराठा आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगिजांचे सांताना हे जहाज पकडले. त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहानुसार या भागातील गावांचा वार्षिक बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगिजांना लावून देण्यात आला. प्रत्यक्ष ताबा १७८३ मध्ये गेला आणि दादरा १७८५ मध्ये पोर्तुगिजांकडे आले. अशा रीतीने महसुलाच्या हक्कातून सुरू झालेला हा अंमल पावणेदोन शतके टिकला.

दादरा व नगर हवेली मिळून ७२ गावांचा, सुमारे ४९१ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश समुद्राला लागून नव्हता. १९४७ नंतर त्याच्या चारही बाजूंना स्वतंत्र भारताची भूमी होती. दमणहून तेथे जाण्यासाठी पोर्तुगीज अधिकाऱ्यांना भारतीय हद्दीतून जावे लागे. बहुसंख्य रहिवासी वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी समाजांचे होते. पोर्तुगालने वसाहती सोडण्यास नकार दिला होता आणि भारत सरकारचे धोरण वाटाघाटींचे होते. अशा परिस्थितीत नगर हवेली घेतली तर गोवा मुक्तीला चालना मिळेल, असा विचार काही तरुण कार्यकर्त्यांमध्ये पुढे आला.

तयारी

फडके, राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे आदींनी या मोहिमेची आखणी केली. पुण्याचे विनायकराव आपटे हे तिचे ज्येष्ठ नेते होते. शस्त्रे मिळवणे, सिल्वासा परिसराची पाहणी करणे, वाटा व पोलीस ठाणी यांची माहिती काढणे आणि पैसा उभा करणे अशी कामे आधी करावी लागली. वाकणकर यांनी प्रत्यक्ष त्या भागात जाऊन पाहणी केली.

निधी उभारण्याच्या कामात फडके यांचा चित्रपटसृष्टीतील संबंध उपयोगी पडला. त्यांच्या विनंतीवरून लता मंगेशकर यांनी पुण्यात हिराबाग येथे गाण्याचा कार्यक्रम केला. त्यातून मिळालेली रक्कम या मोहिमेसाठी वापरण्यात आली. कार्यक्रमाचा खरा हेतू उघड करणे शक्य नव्हते. एकीकडे चित्रपटांचे ध्वनिमुद्रण आणि दुसरीकडे गुप्त मोहिमेची तयारी असे दोन्ही व्याप फडके यांनी या काळात एकाच वेळी सांभाळले.

या मोहिमेतील धोका मोठा होता. पोर्तुगीज हद्दीत शस्त्रासह पकडले गेल्यास दीर्घ तुरुंगवास ठरलेला होता आणि भारत सरकारचे अधिकृत संरक्षण स्वयंसेवकांना नव्हते. फडके त्या वेळी पस्तीस वर्षांचे होते आणि त्यांचा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. ललिताबाईंचाही या लढ्यात सहभाग होता.

प्रत्यक्ष लढा

मुक्तीचा लढा एकाच संघटनेने लढवला नाही. २१ व २२ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या फ्रान्सिस मस्करेन्यस व विमन देसाई यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने दादरा येथील पोलीस ठाण्यावर हल्ला केला. त्यात उपनिरीक्षक अनिसेतो दो रोझारियो मारले गेले व दादरा मुक्त झाले. २८ जुलै रोजी आझाद गोमंतक दल व संघाचे स्वयंसेवक यांनी नरोली घेतली. गोवन पीपल्स पार्टी व तिच्याशी संबंधित वारली कार्यकर्तेही स्वतंत्रपणे या भागात सक्रिय होते. भारतीय हद्दीत राखीव पोलीस दल तैनात होते आणि दमणहून येणाऱ्या पोर्तुगीज कुमकेला भारत सरकारने वाट नाकारली होती. त्यामुळे आतील शिबंदी एकाकी पडली.

पुणे व मुंबई येथून निघालेले स्वयंसेवक जुलैच्या अखेरीस रेल्वेने सीमेजवळ पोहोचले आणि भर पावसात पायी नगर हवेलीत शिरले. त्यांच्याकडे मोजकी शस्त्रे होती. संख्याबळ व शस्त्रबळ प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त भासवण्यावर त्यांचा भर होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी पहाटे त्यांनी राजधानी सिल्वासा येथील पोलीस ठाणे ताब्यात घेतले. पोर्तुगीज ध्वज उतरवून तिरंगा फडकावण्यात आला. प्रशासक कॅप्टन फिदाल्गो हा उरलेल्या शिपायांसह खानवेलच्या दिशेने निघून गेला आणि ११ ऑगस्ट रोजी शरण आला. सिल्वासा घेणाऱ्या या तुकडीत फडके होते. २ ऑगस्ट हा दिवस दादरा व नगर हवेलीत मुक्तिदिन म्हणून पाळला जातो.

या लढ्यात कोणत्या गटाचे योगदान किती, याविषयी सहभागी संघटनांच्या मांडणीत फरक आढळतो. दादरा, नरोली व सिल्वासा ही तीन ठिकाणे वेगवेगळ्या दिवशी व वेगवेगळ्या तुकड्यांनी घेतली, तसेच भारतीय हद्दीतील नाकेबंदी निर्णायक ठरली, या गोष्टी लक्षात घेता हा विजय अनेक प्रवाहांचा मिळून होता.

परिणाम

मुक्त प्रदेशाचा कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायतीकडे आला आणि आझाद गोमंतक दलाचे आप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निकाल दिला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता पोर्तुगालला भारतीय हद्दीतून जाण्याचा हक्क होता, परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे नेण्याचा हक्क नव्हता, आणि १९५४ मध्ये वाट नाकारून भारताने आपल्या दायित्वाचा भंग केला नाही, असे न्यायालयाने ठरवले. भारतीय प्रशासकीय सेवेतील के. जी. बदलानी यांना विलीनीकरणाच्या करारावर सही करता यावी म्हणून एक दिवसासाठी या प्रदेशाचे पंतप्रधान करण्यात आले. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर हवेली भारतात विलीन झाले.

गीतरामायण

सिल्वासा मोहिमेनंतर फडके पुन्हा संगीताकडे वळले. आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. आकाशवाणीचे अधिकारी सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने हा उपक्रम सुरू झाला होता. दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे वर्षभर हा कार्यक्रम चालला. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली.

माडगूळकर गीत लिहून देत आणि फडके त्याला चाल लावून गायकांकडून बसवून घेत. प्रसारणाचा दिवस ठरलेला असल्याने दोघांनाही उसंत नसे. प्रत्येक गीताची चाल प्रसंग व पात्र यांना धरून रागांच्या आधारे रचलेली असली, तरी ती सामान्य श्रोत्याला गुणगुणता येईल इतकी सोपी ठेवण्यात आली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके आदी गायकांनी मूळ प्रसारणात गीते गायिली. रामाची गीते स्वतः फडके यांनी गायिली.

प्रसारणाच्या वेळी घरोघरी रेडिओभोवती माणसे जमत. पुढे फडके यांनी सर्व गीते एकट्याने सादर करण्याचे जाहीर कार्यक्रम सुरू केले. महाराष्ट्रात, महाराष्ट्राबाहेर व परदेशातील मराठी मंडळींसमोर त्यांनी असे शेकडो कार्यक्रम केले. अनेक भारतीय भाषांमध्ये गीतरामायणाची रूपांतरे झाली आणि फडके यांच्या मूळ चाली त्यांत कायम ठेवण्यात आल्या.

मोहन रानडे यांच्या सुटकेसाठी प्रयत्न

नगर हवेलीच्या लढ्यातील फडके यांचे एक सहकारी, आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे, हे ऑक्टोबर १९५५ मध्ये गोव्यात बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली व पुढे पोर्तुगालमधील तुरुंगात नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे लिस्बनजवळील काशियासच्या किल्ल्यातच राहिले. गोव्याचेच तेलो द मस्करेन्यस हेही पोर्तुगालमध्ये कैदेत होते.

ज्या भूमीसाठी हे कैदी लढले ती स्वतंत्र होऊनही त्यांची सुटका होत नव्हती. भारत व पोर्तुगाल यांच्यात राजनैतिक संबंध नसल्याने सरकारी मार्गही मर्यादित होते. फडके यांनी मोहन रानडे विमोचन समितीच्या कामात पुढाकार घेतला. सभा, निवेदने, खासदार व मंत्री यांच्या भेटी आणि निधिसंकलन यांद्वारे त्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे जागता ठेवला. तामिळनाडूचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोपच्या भेटीत रानडे यांच्या सुटकेचा विषय काढला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे यांची सुटका झाली आणि मस्करेन्यस १९७० मध्ये सुटले.

चित्रपटसंगीत व अन्य कार्य

१९६० चे दशक हा फडके यांच्या चित्रपटसंगीताचा बहराचा काळ मानला जातो. जगाच्या पाठीवर (१९६०), सुवासिनी (१९६१) व प्रपंच (१९६१) या चित्रपटांतील गीते विशेष लोकप्रिय झाली. हा माझा मार्ग एकला (१९६३) या चित्रपटाची निर्मितीही त्यांनी केली. हिंदीत त्यांनी मोजके पण लक्षणीय काम केले. पंडित नरेंद्र शर्मा यांच्या गीतांचा भाभी की चूडियाँ (१९६१) हा चित्रपट त्यांत सर्वाधिक गाजला. आशा भोसले यांच्याकडून त्यांनी गाऊन घेतलेली मराठी गीते या दोघांच्याही कारकिर्दीत महत्त्वाची मानली जातात.

ग्राहक चळवळीतही फडके यांनी काम केले. १९७५ मध्ये गुढीपाडव्याला स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या संस्थापकांमध्ये ते होते. एकत्रित खरेदी करून सभासदांना रास्त दरात शुद्ध माल पोहोचवणे हे या संस्थेचे प्रमुख काम होते.

वीर सावरकर चित्रपट

विनायक दामोदर सावरकर यांच्या जीवनावर चित्रपट काढण्याचा संकल्प हे फडके यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठे काम होते. त्यासाठी सावरकर दर्शन प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. निधी सर्वसामान्य लोकांच्या वर्गणीतून जमवण्यात आला आणि त्यासाठी फडके यांनी वृद्धापकाळात व बिघडत्या प्रकृतीतही ठिकठिकाणी गीतरामायणाचे व अन्य कार्यक्रम केले. काम अनेक वर्षे रेंगाळले. अखेर वेद राही यांच्या दिग्दर्शनाखाली शैलेंद्र गौर यांची प्रमुख भूमिका असलेला हा हिंदी चित्रपट नोव्हेंबर २००१ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे संगीत फडके यांचेच होते. गाण्याच्या कार्यक्रमातून राष्ट्रीय कार्यासाठी पैसा उभा करण्याची १९५४ ची पद्धत त्यांनी जवळपास अर्धशतकानंतरही सोडली नव्हती.

निधन व स्मृती

चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही महिन्यांतच, २९ जुलै २००२ रोजी, मुंबई येथे फडके यांचे निधन झाले. ललिताबाईंचे निधन २०१० मध्ये झाले. फडके यांचे अपुरे राहिलेले आत्मचरित्र जगाच्या पाठीवर या नावाने त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. मुंबईतील बोरिवली येथील उड्डाणपुलाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. स्वरगंधर्व सुधीर फडके हा त्यांच्या जीवनावरील चित्रपट १ मे २०२४ रोजी प्रदर्शित झाला. योगेश देशपांडे यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात सुनील बर्वे यांनी फडके यांची भूमिका केली.

संगीत दिलेले निवडक चित्रपट

गोकुळ (१९४६)
पुढचं पाऊल (१९५०)
वंशाचा दिवा (१९५०)
लाखाची गोष्ट (१९५२)
वहिनींच्या बांगड्या (१९५३)
ऊनपाऊस (१९५४)
जगाच्या पाठीवर (१९६०)
सुवासिनी (१९६१)
प्रपंच (१९६१)
भाभी की चूडियाँ (हिंदी, १९६१)
हा माझा मार्ग एकला (१९६३)
मुंबईचा जावई (१९७०)
आम्ही जातो अमुच्या गावा (१९७२)
वीर सावरकर (हिंदी, २००१)